पाण्याचा मानपान

गणपतीला आमच्या गावच्या घरी तेवीस माणसं जमतात आणि भटजी सकाळी आठला येतात. त्याआधी तेवीस आंघोळी बसवायच्या असतात. भाद्रपदात कुडाळच्या आसपास असा पाऊस असतो की नुसती आंघोळच करायची तर अंगणात पाच मिनिटं उभं राहिलं तरी भागेल. पण गरम पाणी लागतंच. मुंबईत वर्षभर शिंक न आलेल्या माणसालासुद्धा गावच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की आपली प्रकृती तोळामासा असल्याचं आठवतं.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. न्हाणीत पाणचूल होती, तिच्यावर तांब्याचं भाणं लिंपून बसवलेलं होतं आणि आई पहाटे चारला उठून जाळ घालायची. मग आम्ही सुधारलो. आधी विजेचा गीझर आणला. गीझर, विहिरीवरचा पंप आणि खोबऱ्याचं वाटण करणारा मिक्सर यांचं आपसात पटत नाही, हे पहिल्याच चतुर्थीला कळलं. तिघं एकदम चालू झाले की घरात अंधार. नंतर छपरावर सोलर बसवला, २०० लिटरचा. तो मे महिन्यात, म्हणजे लोक विहिरीवर जाऊन गार पाण्याने न्हातात तेव्हा, चटका बसेल असं पाणी द्यायचा आणि गणपतीत सूर्याबरोबर रजेवर जायचा. तिसऱ्या वर्षी त्याच्या काचेच्या पेटीवर नारळ पडला. माडाखाली काच मांडणारा माणूस गावाने तोवर पाहिला नव्हता. लोक बघायला येऊन गेले, नारळ न्यायलाही एक जण आला.

पेटी गेली, टाकी वाचली. आत स्टील, भोवती जाड फोमचं अस्तर. गरम पाणी ओतून ठेवलं तर दुसऱ्या सकाळपर्यंत गरमच. त्या टाकीकडे बघता बघता मला कल्पना सुचली. सोलरमध्ये खाली तापणारी पेटी असते, वर टाकी असते, मध्ये दोन पाईप असतात. पंप नाही, वीज नाही. पाणी तापलं की हलकं होऊन आपण होऊन वर जातं, टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली येतं, आणि हे रहाटगाडगं फिरत राहतं. मग सूर्याच्या जागी बंब ठेवला तर? लाकडावरचा बंब खाली, टाकी वर. रात्री निवांत जाळ घालायचा, पाणी साठवायचं आणि सकाळी तेवीस माणसांनी खुशाल नळ सोडायचे.

बंब हा शब्दच मला भरवशाचा वाटतो. ज्याच्या पोटात आपण आग घालतो तोही बंब आणि घराला आग लागल्यावर घंटा वाजवत येतो तोही बंब. दोन्ही टोकं एकाच शब्दात सांभाळलेली. गीझर त्या मानाने उपरा. आइसलँडमध्ये जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, त्यांतल्या एकाचं नाव गेसिर. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या माणसाने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं आणि त्याला ते नाव दिलं. मॉन धंद्याने रंगारी. यंत्राचा धूर बाहेर न्यायला नळकांडं मात्र त्याने ठेवलं नव्हतं. रंगाऱ्याने प्लंबिंगमध्ये हात घातलेला वाचून मला धीर आला. मी तर एकतीस वर्षं बँकेत होतो.

बँकेतला माणूस आधी खातं उघडतो. मीही वहीत उष्णतेचा जमाखर्च मांडला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, एवढं शाळेतलं आठवत होतं. विहिरीचं पाणी २६ अंश, टाकीत हवं ६५. म्हणजे २०० लिटरला ७८०० किलोकॅलरी. वाळलेलं लाकूड किलोमागे साडेतीन हजारांच्या आसपास देतं, त्यातले निम्मे धुरांड्यातून परस्पर जातात, तेव्हा खर्ची साडेचार किलो लाकूड. आता नावे बाजू. आंघोळीचं पाणी ४० अंश धरलं, तर वीस लिटरच्या बादलीत ६५ अंशांचं पाणी लागतं फक्त सव्वासात लिटर, बाकी विसण. तेवीस बादल्यांना सुमारे १६५ लिटर. शिल्लक पस्तीस. एवढा चोख ताळेबंद मला नोकरीत कधी जमला नव्हता. मग मुलगा म्हणाला, "बाबा, पोरं बादलीने नाही करत, शॉवर घेतात." शॉवर मिनिटाला आठ लिटर सोडतो आणि ठाण्यातली मुलगी त्याखाली निदान दहा मिनिटं उभी असते. म्हणजे एका शॉवरला २९ लिटर गरम पाणी. चार बादल्या! घरात असे शॉवर घेणारे सहा. मी वही मिटली. बुडीत कर्ज कसं दिसतं ते मला माहीत आहे.

माझी पुतणी स्वीडनमध्ये असते. तिकडे लाकडावर घरं तापवणारे लोक बॉयलरला हजार-दोन हजार लिटरची टाकी जोडतात, असं ती म्हणाली. आग धुमसत ठेवायची नाही, एकदाच खणखणीत पेटवायची, सगळी ऊब टाकीत भरायची आणि पुढे दिवसभर तिच्यावर काढायचा. अर्धवट जळणाऱ्या लाकडाचं डांबर धुरांड्यात साचतं आणि मग एक दिवस धुरांडंच पेटतं. टाकीत गरम पाणी वर आणि गार खाली असे थर राहतात, दुधावर साय राहावी तसे; आणि येणारं गार पाणी तळाला इतकं अलगद शिरलं पाहिजे की साय मोडता नये. "टाकी उभी आहे ना काका?" तिने विचारलं. आमची आडवी. ती थोडा वेळ गप्प राहिली. आडव्या टाकीत साय पसरट आणि पातळ धरते, असं काहीतरी मग तिने सांभाळून सांगितलं. सासरी गेलेल्या मुली माहेरच्या वस्तूंना फार नावं ठेवत नाहीत.

मग मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढायला बसलो, आणि पाण्याइतका मानपान पाहणारी जात दुसरी नाही हे माझ्या लक्षात आलं. लग्नात कोणी कुठे बसायचं यावरून रुसवे होतात, तसं हे. बंब सगळ्यांत खाली. टाकीचा तळ बंबाच्या डोक्यापेक्षा निदान हातभर वर. दोघं शेजारी शेजारी बसवले, तर रात्री जाळ विझल्यावर गाडगं उलटं फिरू लागतं: टाकीतलं गरम पाणी माहेरी परतल्यासारखं बंबात येतं, तिथे मधल्या नळीतून वारा खात गार होतं, आणि सकाळी टाकीत असते ती फक्त आठवण. गार पाण्याची टाकी गरम टाकीच्याही वर, कारण तिच्या दाबाशिवाय नळाला धार नाही. आणि सगळ्यांच्या वर, आकाशाकडे तोंड करून, श्वास सोडायचा उघडा पाईप. तो काही काम करताना दिसत नाही, पण त्याचा मान पहिला. २०० लिटर पाणी २६ वरून ६५ अंशांवर गेलं की सव्वातीन लिटरच्या आसपास फुगतं. त्या सव्वातीन लिटरना जायला वाट हवी. जाळ जास्त झाला आणि पाणी उकळलंच, तर एका लिटरची वाफ साडेसोळाशे लिटरच्या वर जागा मागते. विजेच्या गीझरला बटण असतं. लाकडाला बटण नसतं. म्हणून बंब आणि तो उघडा पाईप यांच्यामध्ये कॉक बसवायचा नाही, हे मी नकाशावर लाल शाईने तीनदा लिहिलं. अशी ही चार मजल्यांची उतरंड. तिच्यासाठी जांभ्या चिऱ्याचा ओटा बांधला, बंब न्हाणीत न कोंडता मागच्या उघड्या पडवीत मांडला, आणि वेल्डिंगवाल्याकडून बंदिस्त स्टीलचा बंब करून घेतला, वर एक सॉकेट, खाली एक सॉकेट.

सगळ्यात नाजूक आकडा मात्र शेवटी निघाला. पाणी आपण होऊन वर चढतं खरं, पण किती जोराने? बंब ते टाकी एक मीटर उंची धरली आणि गार-गरम पाण्याच्या वजनातला फरक काढला, तर तो जोर भरतो जेमतेम दीड सेंटीमीटर पाण्याइतका. दीड सेंटीमीटर! कपातल्या चहाला फुंकर मारताना यापेक्षा जास्त जोर लागतो. एवढ्याशा हौसेवर २०० लिटर फिरवायचे, म्हणजे पाईप रुंद हवा, एल्बो कमीत कमी हवेत आणि सगळा रस्ता सतत चढता हवा. वाटेत कुठे उंचवटा आला की पाण्यातून सुटलेली हवा तिथे जाऊन बसते आणि उठत नाही.

हे सगळं मी प्लंबरला समजावून सांगितलं. त्याने नकाशा हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि घडी घालून माझ्याच खिशात ठेवला.

"काकानू, पाणी काय कागद वाचणा नाय."

तो वाईट कारागीर नव्हता. सूत आणि सफेदा लावून तो जीआयचा असा सांधा करायचा की त्यातून मुंगी जाणार नाही. पण त्याचं सगळं आयुष्य पंपाच्या पाण्यात गेलेलं. पंपाचं पाणी पोलिसासारखं असतं, ढकलाल तिकडे जातं. एक इंची पाईप सांगितला तर तो पाऊण इंची घेऊन आला, "धार बरी येतली." पाण्याने मागे जाऊ नये म्हणून दोन एनआरव्ही आणले. त्यातली झडप उघडायलाच माझ्या दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त जोर लागला असता. शिवाय दिसेल त्या वळणावर कॉक. मी ओरडलो की एक कॉक काढायचा आणि मी जेवायला गेलो की दुसरीकडे एक बसवायचा. कॉक नसलेला पाईप त्याला बिनकुंकवाच्या कपाळासारखा दिसत असावा.

बंबालगतचा पाईप लोखंडी हवा यावरून अर्धा दिवस गेला. त्याने सीपीव्हीसीच्या पाईपवरची छापील अक्षरं दाखवली. ९३ अंश. मी म्हणालो, बंब ९३ ला थांबेल असं बंबावर कुठे लिहिलंय? शेवटी पहिला हात लोखंडी आणि पुढे सीपीव्हीसी असा तह झाला. संध्याकाळी मी बाजारात गेलो, तेवढ्यात बंबाच्या वरच्या तोंडातून निघालेला पाईप त्याने पडवीच्या वाशावरून वर घेतला, भिंतीकडेने पलीकडे नेला आणि तिथून खाली उतरवून टाकीला जोडला. का, तर सरळ तिरपा पाईप "दिसाक बरो दिसणा नाय."

चतुर्थीच्या चार दिवस आधी बंब पेटवला. सोडणं, करवंट्या, वर आंब्याच्या ढलप्या. जाळ झकास लागला. वीस मिनिटांनी बंब गुणगुणू लागला, मग खाकरू लागला. आतून कोणीतरी दाराला धडका द्याव्यात तसा पाईप हादरला, एकदम खळ्ळकन आवाज, मग शांतता, मग पुन्हा खाकरणं. बंबातलं पाणी उकळत होतं आणि टाकी माठासारखी गार. वाशावरच्या उंचवट्यात हवा मांडी घालून बसली होती. तिच्याखाली कोंडलेलं पाणी उकळून उसळ्या मारत होतं. आइसलँडच्या जमिनीखाली हेच होतं. म्हणजे अखेर माझ्या पडवीत खराखुरा गीझर आला होता. लोखंडी हात संपल्यावरचा सीपीव्हीसी एव्हाना शेवग्याच्या शेंगेसारखा वाकला होता.

मी आईला हवा, दाब, घनता असं सांगू लागलो. आई चौऱ्याऐंशीची. तिने पाईपकडे एकदा खालून वर पाहिलं.

"पाणी वर कसा चढता ता माका नको शिकवू. पेज उतू जाता ती वरनाच जाता. पण तू तिका वर चढवन परत खाली कित्याक उतरवतस?"

प्लंबरने हे ऐकलं, मान डोलावली आणि तासाभरात सगळा पाईप कापून, सरळ तिरपा, सतत चढता, लोखंडी आणि एक इंची करून दिला. माझ्या नकाशात अगदी तस्साच होता. पण नकाशा पेजेच्या भाषेत काढलेला नव्हता. आईने वर जुन्या गोधडीच्या पट्ट्या गुंडाळून काथ्याने बांधल्या. आता तो पाईप हाड मोडलेल्या पायासारखा दिसतो, पण गरम राहतो.

पुन्हा जाळ घातला. दहा मिनिटांनी मी वरच्या पाईपला, गोधडीत बोट घालून, हात लावला. कोमट. मग गरम. मग बोट ओढून घ्यावं लागलं. खालचा पाईप गारच. कुठे आवाज नाही, यंत्र नाही, बटण नाही, आणि पाणी आपलं वर चाललेलं. मी तिथे पाटावर बसून दीड तास नुसता पाईप बघत होतो. बायको दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली.

साडेचार किलोंचा हिशेब तेवढा चुकला. पावसात लाकूड म्हणजे लाकूड कमी आणि पाऊस जास्त. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळतं, मग वेळ मिळालाच तर तुमचं. पहिल्या दिवशी अकरा किलो गेली आणि शेजाऱ्यांनी धूर बघून कोणाला काही झालं का म्हणून चौकशी केली. पुढे करवंट्यांवर भर दिला. आमच्याकडे गणपतीत नारळ इतके फुटतात की करवंट्यांचा तुटवडा पडत नाही.

चतुर्थीच्या आदल्या रात्री टाकीवरचा काटा ६८ अंशांवर होता. तेवीस माणसं जेवून झोपली. मी काट्याला बॅटरी मारून दोनदा पाहिलं आणि तृप्त मनाने आडवा झालो. रात्री दोनला लाईट गेली. मी अंधारातच हसलो. जाऊ दे! माझ्या पाण्याला लाईट लागत नाही.

पहाटे पाचला आत्या पहिली न्हाणीत शिरली. गरम नळ सोडला. नळाने एकदा ढेकर दिली, चमचाभर पाणी टाकलं आणि गप्प झाला. दुसऱ्या बाथरूममध्ये तेच. मी धावत ओट्यावर चढलो. काटा ६६. टाकी काठोकाठ, वाफाळलेली. हात लावून पाहिला. आणि नळाला थेंब नाही.

उत्तर माझ्याच नकाशात, वरून दुसऱ्या मजल्यावर होतं. गरम पाणी आपण होऊन बाहेर येत नाही. खालून गार पाणी आत शिरेल तेवढंच वरून गरम बाहेर पडतं. दोघं फुगडीतल्या बायकांसारखे एकमेकांना धरून असतात. आणि गार पाण्याची टाकी रिकामी होती. तेवीस माणसं, रात्रभराचे तीन संडास, आणि लाईट नाही म्हणून पंप बंद. २०० लिटर गरम पाणी डोक्यावर घेऊन आम्ही कोरडे उभे होतो.

"आदी जाळ वढ भायर," आई खालून ओरडली. बंबातले उरलेसुरले निखारे ओढले.

मग विहिरीपासून शिडीपर्यंत रांग लागली. कळशी हातोहात येऊ लागली. सगळ्यांत वर, शिडीच्या शेवटच्या पायरीवर, पावसात, गार टाकीच्या तोंडाशी बहिणीचे यजमान. जावयाचा मान वरचा. पहिल्या चार कळश्या टाकीने तळालाच गिळल्या, पाईपच्या तोंडापर्यंत पाणी पोचलंच नाही. पाचवी ओतली आणि खाली नळातून गरम धार पडली. कळशी वर गार, कळशी खाली गरम. सहाव्या कळशीला मुलं टाळ्या वाजवू लागली. भावोजी वरून विचारत होते की हे असंच असतं का, आणि मी खालून सांगत होतो की तत्त्वतः असंच असतं.

आई मात्र पडवीत बसून केस विंचरत होती. ओले. चारलाच उठून तिने जुन्या पाणचुलीवरचं भाणं तापवून घेतलं होतं. ही पाणचूल पाडायची असं मी ठरवलं होतं, पण चिरे काढायला गडी मिळाला नव्हता.

तेवढ्यात न्हाणीचं दार किलकिलं झालं. वाफेचा लोट बाहेर आला आणि त्यामागून आत्याचा आवाज.

"गरम पाणी मेला उकळता नुसता! विसणाक गार पाणी खय आसा?"